एप्रिल १९५७चा अंक

शुक्रवार, २९ मार्च १९५७. इंग्लंडमधलं डर्बी. सकाळचे सात वाजायला आलेत आणि तुम्ही रेल्वे टेरेसजवळच्या कोपऱ्यावरच्या पेपरवाल्याच्या दुकानात, भिजलेल्या लोकरी कोटांच्या वासात, चार माणसांच्या मागे उभे आहात. काउंटरमागे तंबाखूचे डबे, गोळ्यांच्या बरण्या, खाली पेपरांचे गठ्ठे. दुकानदार कानावरची पेन्सिल काढून एकेका पेपरच्या कोपऱ्यात घराचा नंबर टाकतोय. पेपर टाकणारी पोरं त्या आकड्यांवर दारं शोधतात. तुमच्या मासिकावरही असाच आकडा पडतो. मार्चच्या अंकावरचा तुम्ही अजून खोडलेला नाही.

तुमची पाळी येते.

"आला?"

कशाबद्दल ते सांगायची गरज पडत नाही. दुकानदार मान हलवतो. "दुपारच्या पार्सलात असेल. नाहीतर सोमवारी बघा."

"काल तुम्ही शुक्रवार म्हणाला होतात."

"काल मला तसंच सांगितलं होतं, हो."

मागच्या माणसाला सिगारेटी हव्या आहेत, कारखान्याचा भोंगा कुठल्याही क्षणी होईल. तुम्ही बाहेर पडता. रस्त्यावर मोटारी तुरळक. सुएझच्या प्रकरणापासून, म्हणजे डिसेंबरपासून, पेट्रोल कुपनांवर मिळतंय. तुमची सायकल आहे, तुम्हाला त्याचं काही नाही. इजिप्तमधल्या त्या कालव्याचा तुमच्या मासिकाशी काही संबंध असेल असं तुमच्या मनातही येत नाही. तुमच्या प्रतीशी तो नाहीच. त्याच छपाईतल्या दुसऱ्या एका प्रतीशी आहे, तिच्याकडे आपण नंतर जाऊ.

मासिकाचं नाव ‘रेल्वे मॉडेलर’. वय आठ वर्षांच्या आत. ऑक्टोबर १९४९मध्ये इयन ॲलन यांनी ते सुरू केलं आणि थोड्याच काळात ते सिडनी प्रिचर्ड यांच्या हाती गेलं. प्रिचर्ड म्हणजे ‘पेको’वाले, डेव्हन परगण्यातल्या समुद्रकाठच्या सीटन गावी बसून छोट्या गाड्यांचे रूळ आणि कपलिंगं बनवणारे. १९५०पासून संपादक आहेत सिरिल फ्रीझर. या क्षेत्रात आधीपासून दोन मातब्बर आहेतच: १९२५पासून निघणारं ‘मॉडेल रेल्वे न्यूज’ आणि १९३४चं ‘मॉडेल रेल्वे कन्स्ट्रक्टर’. जॉन आहर्न यांनी घरात उभारलेलं मॅडर व्हॅली नावाचं चिमुकलं खोरं, त्यातल्या वाकड्या छपरांची घरं आणि धक्क्याला लागलेल्या होड्या, हे सगळं लोकांनी पहिल्यांदा पाहिलं ते ‘न्यूज’च्या पानांवर. तरी तुम्ही वाट पाहता ती ‘मॉडेलर’ची. कारण हा संपादक तुमच्यासारख्यासाठी लिहितो. ज्याच्याकडे वेगळी खोली नाही, लेथ नाही, पगारातून महिन्याला फार काही उरत नाही, पण रात्री जेवण झाल्यावर दोन तास आहेत, असा वाचक त्याच्या डोळ्यांपुढे असतो. माझ्या मते फ्रीझरची थोरवी तिथेच आहे. मोठे बंगले आणि त्यांतल्या मोठ्या रेल्वे दाखवून लोकांचे डोळे दिपवणं सोपं होतं. त्यानं फळीवर मावेल अशी रेल्वे आखून दाखवली, आणि तीही चालवताना कंटाळा येणार नाही अशी.

भोंगा होतो. तुम्ही लोको वर्क्सच्या फाटकातून आत शिरता. तुम्ही फिटर आहात. शॉपमध्ये उभी आहेत ती ब्रिटिश रेल्वेची स्टँडर्ड क्लास फाइव्ह इंजिनं, कॅप्रोटी व्हॉल्व्ह गिअरची. त्यांतलं शेवटचं, ७३१५४ नंबरचं, जूनमध्ये बाहेर पडेल आणि मग डर्बीत वाफेचं नवं इंजिन कधीच बनणार नाही. १९५५च्या आधुनिकीकरण योजनेत सगळं ठरलेलं आहे: पुढे डिझेल आणि वीज. शेजारच्या कॅरेज वर्क्समध्ये डिझेलचे हलके रेलडबे भराभर तयार होताहेत. बॉयलर शॉपमधल्या म्हाताऱ्या माणसांना याबद्दल विचारलं तर ती खांदे उडवतात आणि कामाला लागतात. तुम्हीही लागता. दिवसभर जे हात खऱ्या इंजिनाचे नट आवळतात, तेच रात्री चार इंचांच्या रुळाला कानस लावतात. बाहेरच्या माणसाला हे विचित्र वाटेल. वर्क्समध्ये असे नादी निदान अर्धा डझन आहेत आणि कुणालाच त्यात विचित्र वाटत नाही. जे दिवसा हातून निसटत चाललंय ते रात्री हातात धरून ठेवायचं, असं कुणी बोलून दाखवत नाही, पण तसं ते आहे.

संध्याकाळ. दुपारच्या पार्सलात अंक नव्हता.

तेव्हा मार्चचाच अंक पुन्हा. तो कुठल्या पानावर आपोआप उघडतो हे आता ठरून गेलंय. लेख वाचून झालेत, मथळ्याखालच्या ओळी पाठ झाल्यात, म्हणून तुम्ही जाहिराती वाचता. या जाहिराती म्हणजे मासिकाचा अर्धा जीव. लंडनच्या सेसिल कोर्टातलं हॅम्ब्लिंग्जचं दुकान, न्यू कॅव्हेंडिश स्ट्रीटवरचं ‘डब्ल्यू अँड एच’. चाकं, ॲक्सल, मोटारी, पितळी हँडरेलच्या खुंट्या डझनावारी. त्या दुकानांत तुम्ही कधी पाऊल टाकलेलं नाही, पण कुठल्या खान्यात काय असेल ते सांगू शकाल. याच वर्षी ट्राय-अँग कंपनी आपल्या गाड्या आणखी छोट्या मापात बाजारात आणते आहे: एक फुटाला तीन मिलिमीटर, टीटी म्हणतात त्याला. त्यावर वर्क्समधल्या नाद्यांच्या गटात वाद झडलेत. छोट्या घरांना हेच माप तारेल असं काही म्हणतात. डोळे जातील, असं बाकीचे.

मग आकृत्या. एखाद्या डब्याचं किंवा इंजिनाचं रेखाचित्र अनेकदा थेट मॉडेलच्याच मापात छापलेलं असतं, एक फुटाला चार मिलिमीटर. म्हणजे कुठलंही गणित करायचं नाही. डिव्हायडरची टोकं चित्रातल्या खिडकीवर टेकवायची, मग तीच टोकं पितळी पत्र्यावर. तुमच्या मार्चच्या अंकातल्या आकृतीवर अशी भोकं पडली आहेत. कापलेली बाजू चित्रावर आडवी ठेवून पाहता, चित्राची रेघ पत्र्याच्या कडेबाहेर केसभर दिसते, म्हणजे तिथे जास्त घासलं गेलं. पत्रा बाजूला ठेवता. नवा कापायला उद्या.

आज सांधा. ज्यांनी कधी सांधा हातानं बनवलेला नाही त्यांच्यासाठी जरा थांबतो, कारण या छंदातली सगळी कसोटी तिथे आहे. गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर न्यायची तर दोन हलत्या पात्यांची टोकं मुख्य रुळाला इतकी बिलगली पाहिजेत की चाकाच्या कडेला ती कळू नयेत. रुळाचा तुकडा लाकडी ठोकळ्यातल्या खाचेत बसवायचा. आधी जाड कानस, मग बारीक. एका अंगानं घासायचं, तुकडा उलटायचा, दुसऱ्या अंगानं. टोक पातळ होत जातं तसं ते कानशीखाली थरथरायला लागतं. घाई केली की वाकतं, वाकलं की फेकून द्यायचं. मधूनमधून डोळे मिटून त्यावरून अंगठा फिरवायचा, कारण डोळ्यांना जे दिसत नाही ते अंगठ्याला लागतं. मग गॅसच्या शेगडीवर तापवलेल्या खड्यानं डाख. पुरता तापला नसेल तर डाख धरत नाही. फार तापला तर खालचा फायबरचा स्लीपर करपतो. मग एक वाघीण घ्यायची, नुसती, इंजिनाशिवाय, आणि बोटानं ढकलायची. सांध्यावर ती जराही उसळली नाही, नुसती टक् करून पलीकडे गेली, तर तुम्ही ती परत आणता आणि पुन्हा ढकलता. आणि पुन्हा.

अंक वेळेवर आला असता तर हा सांधा आज झाला नसता, हे तुम्हाला माहीत आहे. नव्या अंकाच्या रात्री कुणी कानस हातात घेत नाही. महिन्यातले दोन-तीन दिवस वाचनाचे, बाकीचे हाताचे. मासिकाची लय अशी आहे आणि कामाचीही. पानावर आलेली कल्पना लोखंडात, पत्र्यात, लाकडात उतरायला साधारण तेवढाच वेळ लागतो. आणि एक गोष्ट विसरली जाते: हे मासिक वाट पाहणाऱ्यांनीच भरलेलं असतं. पाद्री पीटर डेनी आपल्या बकिंगहॅम रेल्वेबद्दल लिहितात ते चर्चची कामं सांभाळून. त्यांच्या रेल्वेला वेळापत्रक आहे आणि गाड्या त्याप्रमाणे सुटतात. मुलगा क्रिस्पिन एक स्टेशन सांभाळायचा; पुढे तो मोठा झाला तेव्हा त्याच्या जागी बसेल असं एक स्वयंचलित यंत्र त्यांनी बनवलं आणि त्याला मुलाचंच नाव दिलं. असा माणूस काही व्यावसायिक लेखक नव्हे. तोही महिन्याच्या शेवटी आपल्या गावच्या पेपरवाल्याकडे चौकशी करत असणार.

तुमची अडचण वेगळी आहे. जागा.

रेल्वेवाल्यांच्या आळीतलं घर: खाली दोन खोल्या, वर दोन. पुढची खोली पाहुण्यांसाठी, तिथे रविवारशिवाय कुणी बसत नाही आणि तिथे रूळ टाकायची परवानगी मिळणार नाही. मागच्या खोलीत जेवणाचं टेबल. तुमचे सांधे तयार आहेत, खोक्यात. दोन टाकी-इंजिनं आहेत, पाच डबे आहेत. त्यांना जायला गाव नाही. गोल फिरणारा रूळ तुम्हाला नको, तो पोरांचा खेळ. खेड्यातलं शाखामार्गाचं शेवटचं स्टेशन सगळेच करतात: एक फलाट, एक छोटं इंजिन, दोन डबे, तासाला एक गाडी. शांत आणि सुंदर. पण तुम्ही डर्बीत वाढलात. तुम्हाला गर्दीचं स्टेशन हवंय, जिथे एक गाडी निघायच्या आत दुसरी सिग्नलला उभी आहे. आणि गर्दीचं स्टेशन टेबलावर मावत नाही, असं आजवरच्या सगळ्या आराखड्यांनी तुम्हाला सांगितलंय.

सोमवार, १ एप्रिल. सकाळी दुकानदार तुम्हाला पाहून काही न बोलता खाली वाकतो.

रस्त्यावर उघडायचा नाही हा तुमचा नियम आहे. कोटाच्या आत, छातीशी धरून फाटकातून आत नेता. जेवणाच्या सुट्टीत कँटीनच्या कोपऱ्यात उघडता तर लगेच मागून दोन डोकी वाकतात. पानांना अजून शाईचा वास आहे. आतले फोटो काळे-पांढरे. पान उलटायचं कुणी हा प्रश्नच नाही, अंक तुमचा आहे, पण "थांब थांब" म्हणायचा हक्क सगळ्यांना.

एका पानावर तुमचाच हात थांबतो.

आराखडा फ्रीझरचा आहे. नाव ‘मिनरीज’. लंडन शहरातल्या एका रस्त्याचं नाव, ऑल्डगेटच्या अंगाला. त्या नावाचं एक खरं स्टेशनही होतं, लंडन-ब्लॅकवॉल रेल्वेचं, १८४०मध्ये उघडलेलं आणि १८५३मध्ये, म्हणजे बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली त्याच वर्षी, कायमचं बंद झालेलं. पण फ्रीझरनं त्या स्टेशनाची नक्कल केलेली नाही. त्यानं कल्पना केली की शहराच्या पोटात, उंच विटांच्या भिंतींमधल्या खोल चरात, उपनगरी गाड्यांचं एक छोटं टर्मिनस असतं तर. दोन मार्ग आत येतात, तीन फलाट आहेत. लांबी साधारण सात फूट. रुंदी फूटभरही नाही. मधोमध दुमडून कपाटामागे ठेवता येईल असं.

मागचा माणूस म्हणतो, "सात फुटांत तीन फलाट? गाड्या घसरतील."

तुम्हीही आधी हेच म्हणता. मग बोट आराखड्यावर ठेवून एक गाडी मनातल्या मनात आत घेता. पहिल्या फलाटावर. दुसरी, तिसऱ्या फलाटावर. मग बाहेर काढता. आणि तेव्हा लक्षात येतं की या माणसानं स्टेशनाच्या तोंडाशी सांध्यांची अशी काही मांडणी केली आहे की कुठल्याही फलाटावर येता येतं आणि कुठल्याहीवरून निघता येतं, पण वाटेत डबे एकदा डावीकडे, लगेच उजवीकडे, पुन्हा डावीकडे असे हिसकत नाहीत. तो नागमोडी झटकाच छोट्या रेल्वेचा वैरी: एका डब्याचा बफर पुढच्याच्या बफरमागे अडकतो आणि अख्खी गाडी खाली. डावे आणि उजवे सांधे आलटूनपालटून ठेवून फ्रीझरनं तो जवळजवळ काढून टाकलाय. साधं दिसतं. आजवर कुणी केलं नव्हतं.

आणि खेळ बघा. गाडी फलाटाला लागली की तिचं इंजिन पुढे, बफरांना टेकून, अडकलेलं. त्याला डब्यांना वळसा घालून मागे जायला वेगळा रूळ नाही. तो टाकायला जागाच नाही. मग बाजूच्या छोट्या फाट्यात थांबलेलं दुसरं इंजिन बाहेर येतं, डब्यांच्या दुसऱ्या टोकाला जोडलं जातं आणि गाडी घेऊन निघतं. आता अडकलेलं मोकळं झालं. ते सावकाश फाट्यात जाऊन उभं राहतं, पुढच्या गाडीसाठी. म्हणजे प्रत्येक गाडीला दोन इंजिनं आणि चार हालचाली. तुमच्याकडे दोन टाकी-इंजिनं आहेत. पाच डबे आहेत. फळीच्या दुसऱ्या टोकाला, भिंतीआड, एक उघडं यार्ड. तिथे तुम्ही हातानं डबे फिरवणार, गाडी उलटी करणार आणि दुसऱ्या गावाची म्हणून परत पाठवणार. लंडनच्या लिव्हरपूल स्ट्रीट स्टेशनात वाफेच्या इंजिनांवर उपनगरी गाड्यांची जी धावपळ रोज संध्याकाळी चालते, तिची चव सात फुटांत.

कुणीतरी म्हणतो, "बघू दे इकडे." तुम्ही अंक देत नाही. पहिल्यांदाच.

त्या आठवड्यात गटाच्या बैठकीत दुसरं काही बोललं जात नाही. तुम्ही टेबलावर पाठकोरा वॉलपेपर पसरून आराखडा पुऱ्या मापात काढलाय आणि त्यावर खरे डबे ठेवलेत. तरीही रात्री उशिरा तो जुना वाद येतोच, कारण या मंडळींत तो आल्याशिवाय बैठक संपत नाही. ब्रिटनमधली बहुतेक छोटी रेल्वे चुकीची आहे, हा तो वाद. गाड्या फुटाला चार मिलिमीटर या मापानं बनतात, पण रुळांतलं अंतर असतं साडेसोळा मिलिमीटर. त्या हिशेबानं खरा रूळ चार फूट दीड इंचांचा झाला. असायला हवा चार फूट साडेआठ. सात इंच कमी. कारण तीस-एक वर्षांपूर्वीचं: तेव्हाच्या मोटारी ब्रिटिश इंजिनांच्या अरुंद अंगात मावेनात, म्हणून वरचं अंग मोठ्या मापात केलं आणि खालचे रूळ होते तेच ठेवले. समोरून पाहिलं की प्रत्येक इंजिन पाय जवळ घेऊन उभं राहिल्यासारखं दिसतं. डेनींसारखे काही हट्टी लोक अठरा मिलिमीटरचे रूळ स्वतः घालतात. बाकीच्यांनी सोडून दिलंय. तुम्हीही सोडून दिलंय, पण दर वेळी समोरून बघताना ते दिसतंच.

तुम्हाला आता इथेच सोडतो. येत्या शनिवारी फळी कापायची आहे.

दुसरी प्रत गुंडाळी करून, दोन्ही टोकं उघडी ठेवून, कागदी पट्ट्यात चिकटवलेली आहे. वर टाइप केलेला पत्ता: परळ, मुंबई १२. छापील मजकुराच्या स्वस्त दरानं ती बोटीनं निघते. आणि इथे सुएझ आडवा येतो. नोव्हेंबरपासून कालव्यात बुडवलेली जहाजं आहेत. एप्रिलमध्ये तो पुन्हा खुला होतो, पण ब्रिटिश बोटी मेच्या मध्यापर्यंत त्या वाटेनं जात नाहीत. आफ्रिकेला पूर्ण वळसा, केप ऑफ गुड होपवरून: लंडन-मुंबई हे अंतर चार हजारांहून अधिक सागरी मैलांनी लांबतं. डर्बीत मेचा अंक आलेला असतो तेव्हा एप्रिलचा अजून समुद्रावर असतो.

जून १९५७. आता तुम्ही परळच्या चाळीत, तिसऱ्या मजल्यावर, दहा बाय बाराच्या खोलीच्या दारात उभे आहात. पाऊस लागून चार दिवस झालेत, गॅलरीतल्या दोऱ्यांवर कपडे वाळत नाहीत. निवडणुका होऊन तीन महिने झाले तरी जिन्यात संयुक्त महाराष्ट्राच्याच गप्पा आहेत. एप्रिलपासून नवे पैसे आलेत आणि वाण्याकडे रोज आण्यांच्या हिशेबावरून कुणाचं तरी वाजतंच. तुम्ही परळ वर्कशॉपात ड्राफ्ट्समन आहात. मासिकाची वर्गणी तुम्ही भरलेली नाही. विलायतेला परत गेलेल्या तुमच्या एका वरिष्ठ साहेबांनी जाताना ती तुमच्या नावे लावून दिली, कारण ऑफिसात तुम्ही त्यांचे जुने अंक दुपारच्या सुट्टीत वाचायचात. मार्चचा अंक उशिरा आला. एप्रिलचा येईच ना. बुडाला असं तुम्ही धरून चालला होतात.

पोस्टमन छत्री मिटत वर येतो. "विलायतेचं आहे. भिजलंय थोडं."

"आलं का रे तुझं ते?" आत स्टोव्हपाशी बसलेली आई विचारते.

"आलं."

"मग आधी जेवून घे. एकदा त्यात डोकं घातलंस की हाक ऐकू येत नाही तुला."

तुम्ही जेवता. मग पट्टा सोडवता, पानांच्या कडा फुगल्यात, दोन पानं चिकटलीत; ती पंख्याखाली धरून, ब्लेडनं, सावकाश मोकळी करता. आणि त्यांतल्या एकावर ‘मिनरीज’.

तुम्हाला तो आराखडा कँटीनमधल्या फिटरपेक्षा लवकर कळतो. कारण हे स्टेशन तुम्ही रोज बघता. व्हीटीला मेल आत येते आणि तिचं इंजिन बफरांशी अडकून पडतं. डबे मागे ओढून नेले की मगच ते सुटतं. लहानपणी वडिलांचं बोट धरून तुम्ही ते पाहत उभे असायचात आणि ते हलल्याशिवाय निघायला तयार नसायचात. सात फुटांत हे सगळं. खोलीची एक भिंत बारा फुटांची आहे.

पण गाड्या आणायच्या कुठून? परकीय चलनाची ओढ लागलीय, आयातीवर कडक बंधनं आहेत; खेळण्यातलं इंजिन विलायतेहून मागवणं विसरा. फोर्टात एखाद्या जुन्या सामानाच्या दुकानात हॉर्न्बीचे थोडे रूळ मिळतात. साडेसोळा मिलिमीटरचे. आणि आपले खरे रूळ तर साडेपाच फुटांचे, इंग्लंडपेक्षा साडेनऊ इंच रुंद. फुटाला चार मिलिमीटर धरले तर बावीस मिलिमीटर हवेत. असे रूळ जगात कुणी विकत नाही. म्हणून आजवर तुम्ही नुसतं वाचलंत.

तुम्ही सवयीनं पुढची पानं उलटता. टीटीची चर्चा. फुटाला तीन मिलिमीटर. इंग्लंडातल्या छोट्या घरांसाठी. तुम्ही पेन्सिल उचलता ती दुसऱ्याच कशासाठी, आणि समासात, नकळत, लिहिता: साडेपाच गुणिले तीन.

साडेसोळा.

पुन्हा करता. साडेसोळा. सव्वासोळा नाही, सतरा नाही. फुटाला तीन मिलिमीटर या मापात हिंदुस्थानची ब्रॉडगेज नेमकी साडेसोळा मिलिमीटर येते, म्हणजे जो रूळ इंग्लंडातली सगळी मंडळी सात इंच चुकीचा म्हणून शिव्या देत वापरतात, तोच रूळ तुमच्या गाडीखाली केसभरही चुकत नाही. त्यांच्या इंजिनांचे पाय जवळ आलेत. तुमचं इंजिन खऱ्यासारखं, पाय रोवून उभं राहील. आणि याच वर्षी तिकडे तीन मिलिमीटरच्या मापात लोक आकृत्या काढायला लागलेत, चाकांचे आणि माणसांच्या पुतळ्यांचे आकार ठरवायला लागलेत.

"आई," तुम्ही म्हणता, "डालड्याचा डबा रिकामा झाला का?"

"अर्धा आहे. का रे?"

"दुसऱ्या डब्यात काढून दे ना."

इंजिन कुठलं, हे ठरवायला रात्र जाते. मन खेकड्यावर आहे, घाटात गाड्या चढवणाऱ्या त्या मधे मोडणाऱ्या अंगाच्या विजेच्या इंजिनावर. पण तो मालगाडीचा, टर्मिनसात त्याचं काय काम. पुण्याच्या गाड्या ओढणारं ईए/१ हवं. त्याचं अंग म्हणजे जवळजवळ सरळ पेटी, पत्र्यात जमण्यासारखं. मापं ऑफिसात मिळतील. वाफेचं हवंच असेल तर त्याची घाई नाही. डर्बीत याच महिन्यात शेवटचं बाहेर पडतंय, पण चित्तरंजनचा कारखाना वाफेची इंजिनं अजून पंधरा वर्षं बनवत राहणार आहे. आणि इथून चाळीस-एक वर्षांनी, १९९८मध्ये, पुण्यात कोथरूडला भाऊ जोशी छोट्या रेल्वेचं एक अख्खं संग्रहालय उघडतील. तुम्हाला आज रात्री यातलं काही ठाऊक नाही.

डबा दुसऱ्या दिवशी मिळतो. राखेनं घासून, गरम पाण्यानं धुऊन तूपटपणा काढता. शिवण कापून पत्रा सरळ करता, लाटण्यानं दाबून सपाट. शेजारचा पोरगा दारात येऊन उभा राहतो.

"काका, काय करताय?"

"टेपचं हे टोक धर. भिंतीला लाव. घट्ट."

खिडकीच्या चौकटीपासून मापलं तर सात फूट भरतात, आणि पुढे माठाच्या तिवईपर्यंत दीड फूट उरतो. तिथे मागचं यार्ड. तुम्ही भिंतीवर पेन्सिलीची खूण करता, पोराला बसायला सांगता आणि एक एरोग्राम काढता. संपादकांना कळवायला हवं. गणित दोन ओळींचं आहे, पण साडेपाच फूट म्हणजे काय आणि तो रूळ केवढ्या मुलुखावर पसरलाय हे सीटनच्या माणसाला समजावून सांगायला पान पुरणार नाही असं दिसतं, म्हणून तुम्ही अक्षर बारीक काढता.